लहान वाहिन्या आणि बधिर प्रेक्षक

ठाणे शहरातील माजिवड्यापासून निघून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही गावे मागे टाकीत जो रस्ता गायमुखाच्या घाटाकडे जातो, त्यास घोडबंदर रोड म्हणतात. एका अंगास येऊरचे डोंगर व दुसऱ्या अंगास खाडी, यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत एके काळी भातशेती आणि पाडे होते. आज तेथे वीसवीस, तीसतीस मजल्यांच्या इमारतींची रांग उभी आहे. अशाच एखाद्या इमारतीतील एक घर श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

सायंकाळची वेळ आहे. घरातील आजोबा दूरचित्रवाणीसमोर बसले आहेत. त्यांची दृष्टी उत्तम आहे. वर्तमानपत्र ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात. परंतु कानांनी त्यांची साथ सोडून बरीच वर्षे झाली. पडद्यावर गावची स्थानिक वाहिनी चालू आहे. निवेदिका सांगत आहे, की घाटातील दुरुस्तीमुळे उद्या रात्रीपासून जड वाहनांस मनाई होणार असून परवा चोवीस तास पाणी येणार नाही. पडद्याच्या तळाशी एक पट्टी धावते आहे खरी. पण तिच्यावर एका दुकानाने भावात किती सूट दिली आहे हे लिहिलेले आहे. इतक्यात स्वयंपाकघरातून सूनबाई विचारतात, "बाबा, पाण्याचं काय म्हणाले हो?" अर्धा घटका पडद्यावरून नजर न हलविलेल्या त्या गृहस्थांपाशी या प्रश्नाचे उत्तर नसते. ते नुसतेच हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी काही विचारीत नाही.

हे घर कल्पित आहे. पण त्यातील अडचण कल्पित नाही. सन २०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या माणसांची संख्या ५० लाखांहून अधिक भरली. शिवाय, वार्धक्याने ज्यांचे कान मंदावले अशी कितीतरी माणसे स्वतःस बहिरी म्हणवून घेत नाहीत आणि शिरगणतीच्या कागदावर तसे लिहूनही देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठी उलटलेल्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक लोकांस व्यवहारात अडचण होईल इतका श्रवणदोष असतो. तेव्हा हा प्रश्न परक्या घरचा नव्हे. तो आज ना उद्या प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येणारा आहे.

यावरील उपाय नवा नाही. बोललेला शब्द पडद्याच्या तळाशी लिहून दाखवावयाचा, एवढाच तो उपाय होय. यास सामान्यतः सबटायटल म्हणतात. आपण त्यास शब्दपट्टी म्हणू. ही शब्दपट्टी दोन प्रकारची असते. एक उघडी, जी प्रत्येकास दिसतेच. आणि दुसरी झाकलेली, जी प्रक्षेपणाबरोबर गुप्तपणे येते व ज्यास हवी त्याने कळ दाबून पडद्यावर आणावयाची असते. या दुसऱ्या प्रकारास क्लोज्ड कॅप्शन असे नाव आहे. नाटकसिनेमांतील भाषांतराच्या पट्टीहून तिचे काम थोडे निराळे. कोण बोलत आहे, दाराची घंटा केव्हा वाजली, बाहेर स्फोटाचा आवाज झाला काय, हेही तिने सांगावयाचे असते. अमेरिकेत अशा झाकलेल्या शब्दपट्टीचे नियमित प्रक्षेपण १६ मार्च १९८० रोजी सुरू झाले. १९९० साली तेथे कायदा झाला आणि १९९३ च्या जुलैपासून तेरा इंची व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या यंत्रात ती दाखविण्याची सोय असलीच पाहिजे असे ठरले. आपल्याकडे दूरदर्शनने १९८७ साली बधिरांसाठी खुणांच्या भाषेतील साप्ताहिक बातमीपत्र चालू केले. ते आठवड्यातून एकदा, रविवारी, येत असे. त्या काळी एवढेही थोडे नव्हते.

पुढे सन २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम झाला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या ४२ व्या कलमात शासनावर असे कर्तव्य घातलेले आहे, की श्राव्य, मुद्रित आणि विद्युत माध्यमांतील सर्व मजकूर दिव्यांगांस घेता येईल अशा रूपात असावा, आणि त्यांस खुणांची भाषा, शब्दपट्टी इत्यादी सोयी मिळाव्यात. यातील 'सर्व' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कलमात मोठी वाहिनी व लहान वाहिनी असा भेद केलेला नाही.

भेद आला तो पुढच्या पायरीवर. ११ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी मानके प्रसिद्ध केली. बातम्यांच्या वाहिन्यांनी दिवसातून निदान एक बातमीपत्र खुणांच्या भाषेसह द्यावे, इतर वाहिन्यांनी आठवड्यातून निदान एक कार्यक्रम अशा सोयीसह दाखवावा आणि पुढे टप्प्याटप्प्याने हे प्रमाण वाढवावे, अशी ती योजना होती. तिच्याबरोबरच सवलतींची यादीही आली. थेट प्रक्षेपित होणाऱ्या बातम्या, खेळांचे सामने, संगीताचे व पारितोषिकांचे थेट सोहळे, वादचर्चा, जाहिराती यांस ही अट लागू नाही. आणि ज्या प्रसारणसंस्थेचा वर्षाचा सरासरी प्रेक्षकवर्ग एकूण घरांच्या एक टक्क्याहून कमी, तिलाही सूट.

आता, सूट म्हटली की ती अन्यायाचीच असते असे समजण्याचे कारण नाही. लहान प्रसारकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. घोडबंदर रोडवर काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, स्थानिक वाहिनी म्हणजे बहुधा दोन खोल्या, एकदोन कॅमेरे, चारसहा माणसे, आणि उत्पन्न म्हणजे दागिन्यांची दुकाने, शिकवण्या व दवाखाने यांच्या जाहिराती. शब्दपट्टीचे काम वाटते तितके सोपे नसते. ध्वनिमुद्रित कार्यक्रम असेल तर प्रत्येक वाक्य ऐकून लिहावे लागते, बोलणाऱ्याच्या ओठांशी त्याची वेळ जुळवावी लागते, शुद्धलेखन तपासावे लागते. कार्यक्रम थेट असेल तर बोलण्याच्या वेगाने लिहिणारा निष्णात माणूस हवा. मराठीत असे लेखक तयार करण्याची व्यवस्था अद्याप पुरेशी उभी राहिलेली नाही. मोठ्या वाहिनीच्या जमाखर्चात हा खर्च दिसणारही नाही. लहान वाहिनीच्या जमाखर्चात तो एखाद्या माणसाचा पगार होऊन बसेल. नियमाच्या ओझ्याखाली वाहिनीच बंद पडली, तर ऐकणाऱ्यांची बातमी गेली आणि न ऐकणाऱ्यांसही काही मिळाले नाही, असे व्हावयाचे. म्हणून सवलत असू नये असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न आहे तो सवलत कोणत्या मापाने मोजावी, हा.

एक टक्का हे माप पाहण्यात लहान दिसते. ते किती मोठे आहे हे शाळेतल्या मुलालाही मांडून दाखविता येईल. एकूण प्रेक्षकवर्ग शंभर टक्के. तेव्हा प्रत्येकी एक टक्का धरला, तर त्यात फार तर शंभर वाटेकरी मावतील, एकशेएकावा मावणार नाही. प्रत्यक्षात प्रेक्षक सारखे वाटलेले नसतात. काही बड्या वाहिन्या पुष्कळ मोठा वाटा घेतात, म्हणून एक टक्क्यावर असणाऱ्यांची संख्या शंभराच्याही पुष्कळ खाली राहणार. आणि देशात परवाना असलेल्या खाजगी वाहिन्या आहेत सुमारे नऊशे. म्हणजे वाहिनीगणिक हे माप लावले, तर नियम थोड्यांसाठी व सवलत बहुतेकांसाठी असा प्रकार होतो. ब्रिटनमध्येही लहान वाहिन्यांस प्रेक्षकांच्या प्रमाणावरून सूट आहे; परंतु तेथील मर्यादा आहे ०.०५ टक्के. आपली मर्यादा तिच्या वीसपट आहे.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. साऱ्या देशाच्या प्रेक्षकांत जिचा वाटा चिमूटभर, ती वाहिनी तिच्या गावात महत्त्वाची नसते असे थोडेच आहे? अर्धे ठाणे किंवा अर्धी डोंबिवली जी वाहिनी पाहते, तिचाही देशाच्या हिशेबात ठिपकाच दिसेल. परंतु दिल्लीतील वादचर्चा कानी पडली नाही, म्हणून घोडबंदर रोडवरील कोणाचे पिण्याचे पाणी अडत नाही. पाणी केव्हा जाणार, घाट केव्हा बंद होणार, मेट्रोच्या कामासाठी कोणता फाटा मिटविला, पावसात कोणत्या पुलाखाली पाणी तुंबले, या गोष्टी सांगते ती लहान वाहिनीच. म्हणजे माणसाच्या दारापाशी जी बातमी जितकी जवळ, तिच्यावरील बंधन तितके सैल, असा उलटा न्याय या मापाने होतो.

लहानांवर काहीच बंधन घालता येत नाही, असेही नाही. केबलचालक आपल्या जाळ्यावर ज्या स्वतःच्या वाहिन्या चालवितात, त्यांच्याविषयी केंद्र शासनाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अशा प्रत्येक वाहिनीची हजार रुपये भरून नोंदणी करावयाची. त्यांची संख्या जाळ्याच्या एकंदर क्षमतेच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ द्यावयाची नाही. स्थानिक बातम्या द्यावयाच्या तर चालकाने कंपनी म्हणून नोंदलेले असावयास हवे. प्रत्येक कार्यक्रमाचे मुद्रण ९० दिवस जपून ठेवावयाचे. आणि ही नोंदलेली उपग्रहवाहिनी नव्हे हे कळावे म्हणून पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' अशी अक्षरे दाखवावयाची. हे सारे लहान चालकास जमेल असे शासनास वाटले, व ते योग्यच आहे. परंतु जो चालक आपल्या धंद्याचे नाव अष्टौप्रहर पडद्यावर लिहू शकतो, त्याला पाणी बंद राहणार असल्याची एक ओळ लिहिता येणार नाही, हे पटावयास कठीण आहे.

या बाबतीत अमेरिकेतील अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथेही सवलती पुष्कळ आहेत. ज्या वाहिनीचे आदल्या वर्षाचे एकूण उत्पन्न तीस लाख डॉलरांहून कमी, तिला शब्दपट्टीसाठी पैसा खर्च करण्याची सक्ती नाही. कोणाही वाहिनीस आपल्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक खर्च यावर करावा लागत नाही. स्थानिक स्वरूपाचा, बातम्यांखेरीजचा, पुन्हा दाखविण्याचे मोल नसलेला कार्यक्रमही वगळलेला आहे. येथे मापनाचा दंडक प्रेक्षकसंख्येचा नसून ऐपतीचा आहे, हे लक्षात घ्यावे. आणि या सर्व सवलतींच्या तळाशी एक पक्की फरशी घातलेली आहे. जीवित, आरोग्य, सुरक्षितता वा मालमत्ता यांस धोका असल्याची तातडीची सूचना डोळ्यांनी कळेल अशा रीतीने दिलीच पाहिजे. त्या बाबतीत लहान म्हणून कोणाची सुटका नाही.

तरीही तेथे एकदा पाय घसरला. २००६ साली एका लहान धार्मिक संस्थेच्या कार्यक्रमास तेथील संचार आयोगाच्या कार्यालयाने सूट दिली, आणि त्याच धर्तीवर आणखी सुमारे तीनशे अर्जदारांस सरसकट ती देऊन टाकली. बधिरांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दाद मागितली. २० ऑक्टोबर २०११ रोजी आयोगाने तो निर्णय फिरविला. संस्था नफ्यासाठी चालत नाही एवढ्यावरून सूट मिळणार नाही. ज्याला ती हवी त्याने स्वतःचा जमाखर्च पुढे ठेवून हा बोजा आपणास खरोखरच पेलत नाही हे दाखवून द्यावे, असे ठरले. सवलत ही जातीवरून द्यावयाची वस्तू नसून एकेकाची परिस्थिती पाहून द्यावयाची आहे, हा त्यातील बोध होय.

आपल्याकडेही विचार याच दिशेने जाऊ लागला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात निकाल देताना २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. सुलभतेची मानके नुसती शिफारशीच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही. ज्यांच्याविषयी तडजोड होऊ शकत नाही अशा किमान अटी निराळ्या काढून त्या बंधनकारक केल्या पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. तो खटला मुख्यतः इमारती, रस्ते, वाहने यांसारख्या सार्वजनिक ठिकाणांच्या सुलभतेचा होता. पण त्यातील तत्त्व पडद्यालाही तितकेच लागू पडते. छत किती उंच असावे यावर मतभेद होवोत, जमीन तरी प्रत्येकाच्या पायाखाली असली पाहिजे.

अशी जमीन लहान वाहिनीसाठी कोणती असावी? पहिली गोष्ट, पाणी, वीज, वाहतूक, आरोग्य, पूर व आग यांच्या सूचना पूर्ण वाक्यांत लिहून दाखविणे. यास गुप्त शब्दपट्टीचे यंत्र लागत नाही. जाहिरातीची पट्टी ज्या साधनाने धावते त्याच साधनाने ही धावेल. दुसरी गोष्ट, लिहून वाचलेल्या बातम्या. बहुतेक ठिकाणी निवेदक बातमी तोंडपाठ म्हणत नाही. समोर लिहिलेला मजकूर तो वाचतो. म्हणजे शब्दपट्टीचा मुख्य खर्च, जो लिहून काढण्याचा, तो आधीच झालेला असतो. तो मजकूर वाचून झाल्यावर पुसून टाकावयाचा, की पडद्यावर उमटवावयाचा, एवढाच प्रश्न उरतो. तिसरी गोष्ट, सभा, कीर्तने, क्रिकेटचे सामने, वाढदिवसांचे समारंभ यांस ऐपत येईतो सूट असावी. पण ती मुदतीची असावी, आणि मुदत संपली की जमाखर्च पाहून नवी करावी.

आजकाल बोललेले शब्द यंत्रच लिहून काढते आणि मराठीतही काढते, तेव्हा माणसाची गरज काय, असे कोणी विचारील. यंत्राने खर्च पुष्कळ कमी होईल, यात शंका नाही. परंतु गावांची नावे, आडनावे व घाईने उच्चारलेले शब्द येथे ते अडखळते. 'परवा पाणी येणार नाही' या वाक्यातील एक 'नाही' यंत्राकडून गळला, तर वाचणारा पिंपे न भरता निश्चिंत झोपेल. चुकीची शब्दपट्टी ही शब्दपट्टी नसल्याहून कधी कधी वाईट. म्हणून यंत्राने लिहावे आणि माणसाने डोळ्यांखालून घालावे, हीच तूर्त शहाणपणाची रीत होय.

या सोयीचा लाभ एकट्या बधिरांनाच होतो असेही नव्हे. गुजरातेत १९९९ साली दूरदर्शनवर चित्रपटगीतांचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखविण्याचा प्रयोग झाला. ब्रिज कोठारी यांनी पुढे २००२ पासून तो 'चित्रहार' या कार्यक्रमात नेला. ऐकता ऐकता अक्षरांवर नजर फिरते आणि कच्चे वाचणाऱ्याचे वाचन नकळत पक्के होते, ही त्यामागील कल्पना. घोडबंदर रोडवरील कितीतरी घरांतून मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी बोलता येते, पण देवनागरी वाचताना ती ठेचाळतात. परप्रांतांतून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांस मराठी थोडीबहुत कळते, पण वेगाने बोललेली निसटते. आजोबांसाठी लिहिलेली ओळ अशा रीतीने नातवाच्या व शेजाऱ्याच्याही उपयोगी पडेल. जिन्याशेजारी चाकांच्या खुर्चीसाठी उतरण बांधली, तर तिच्यावरून बाळाची गाडीही चढते आणि वाण्याची हातगाडीही.

शेवटी एक गोष्ट. हे भाषण आकाशवाणीवरून बोलले जात असता ज्यांच्याविषयी ते आहे, त्यांपैकी एकालाही ते ऐकू येणार नाही. ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल ते मासिकाच्या पानावर छापले जाईल तेव्हाच. आकाशवाणीचा शब्द कागदावर उतरविण्याचा हा परिपाठ जुना आहे. तो घालताना कोणीही श्रोत्यांची टक्केवारी मोजीत बसले नाही. बोललेले मोलाचे असेल तर ते लिहून ठेवावे, एवढी एकच भावना त्यामागे होती. तीच भावना लहान वाहिन्यांच्या चालकांनी आणि त्यांचे नियम करणाऱ्यांनी मनात धरली, तर घोडबंदर रोडवरील त्या घरात स्वयंपाकघरातून पुन्हा प्रश्न येईल, "बाबा, पाण्याचं काय म्हणाले हो?" आणि पडद्यावरची ओळ वाचून आजोबा उत्तर देतील, "परवा चोवीस तास बंद. आजच भरून ठेव."